मीटर कोणाच्या हातात?

भाईंदर पूर्वेला गोडदेव नाक्यावर काळी-पिवळी टॅक्सी सहसा दिसत नाही. तिथे टॅक्सीचे काम रिक्षा करते, आणि तीही बहुतेक वेळा शेअर. सीट भरल्या की रिक्षा सुटते, उतरताना ज्याने त्याने आपापले पैसे चालकाच्या हातावर ठेवायचे, मीटरकडे बघायचे कारणच पडत नाही. आख्खी रिक्षा करायची म्हटली तर मीटरऐवजी तोंडी भाव सांगितला जातो, ही मीरा-भाईंदरच्या प्रवाशांची जुनी तक्रार आहे. याच नाक्यावर आता मोबाइल हातात धरून थांबलेली माणसेही दिसतात. त्यांच्या गाडीचे भाडे पडद्यावर आधीच आलेले असते, आणि गाडीच्या आधी चालकाचा फोन येतो, "कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?" उत्तर पटले नाही तर राईड कॅन्सल. एकाच नाक्यावर अशी तीन भाडी नांदतात. एक सरकारने ठरवलेले, जे मीटरमध्ये बंद आहे. दुसरे स्टँडने ठरवलेले, जे रोजच्या प्रवाशाला तोंडपाठ असते आणि नवख्याला विचारून घ्यावे लागते. तिसरे कंपनीच्या सर्व्हरने ठरवलेले, जे रुपयापर्यंत नेमके लिहून येते, पण ते तेवढेच का, हे प्रवाशालाही सांगता येत नाही आणि चालकालाही नाही.

जुनी टॅक्सी-रिक्षा चांगली की ॲपची गाडी, हा वाद आपल्या शहरांत गेली दहा-बारा वर्षे चालला आहे. त्यात एक बाजू मुजोरी, नकार आणि तोंडी भाव यांची यादी वाचते, दुसरी बाजू परदेशी भांडवल, कमिशन आणि उद्ध्वस्त झालेले चालक दाखवते. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. पण शहराने ज्या गोष्टीवर भांडायला हवे होते ती या वादात मागेच राहिली. भाडे मोजणारे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे आणि ते उघडून तपासण्याचा अधिकार कोणाला आहे, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. रिक्षाचा रंग, गाडीची वातानुकूलता, बोलावण्याची पद्धत या सगळ्या त्यानंतरच्या गोष्टी.

मीटर ही किती मोठी नागरी सोय होती, हे आपण तो रोज पाहत असल्यामुळे विसरलो. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. ते कुठून आले? किलोमीटरचा दर १७ रुपये १४ पैसे, पहिला टप्पा दीड किलोमीटरचा. गुणाकार २५ रुपये ७१ पैसे, म्हणजे २६. टॅक्सीचा दर २० रुपये ६६ पैसे, दीड किलोमीटरला ३० रुपये ९९ पैसे, म्हणून ३१. पाचवीतल्या मुलाला पेन्सिल दिली तर तो हा हिशेब पडताळून देईल. त्या किलोमीटरच्या दरामागेही एक सूत्र आहे. २०१२ मध्ये हकीम समितीने आणि तिच्यानंतर खटुआ समितीने गाडीची किंमत, इंधन, देखभाल, विमा, महागाई असे घटक घेऊन ते मांडले आणि त्यावर संघटना, ग्राहक संस्था, वृत्तपत्रे सगळ्यांनी उघडपणे भांडण केले. दर बदलला की प्रत्येक मीटर नव्याने जुळवायचा, ठरलेल्या अंतरावर गाडी चालवून आकडा बरोबर पडतो का ते पाहायचे आणि मग सील लावायचे. त्या शिशाच्या बोटभर सीलचा अर्थ एवढाच होता की आतले गणित चालकाचे नाही, प्रवाशाचेही नाही, ते शहराचे आहे.

हे सील तोडणारे लोकही होते. 'मीटर फास्ट आहे' हे वाक्य मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी ऐकले आहे, आणि २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे करण्यामागे हेच एक मोठे कारण होते. पण फास्ट मीटरला फास्ट म्हणता येत होते, कारण बरोबर आकडा कोणता हे सर्वांना माहीत होते. चोरीला चोरी म्हणण्यासाठी आधी माप ठरलेले लागते. ॲपच्या भाड्यात नेमके हेच नाहीसे झाले आहे. तिथे चूक भाडे दाखवताच येत नाही, कारण बरोबर भाडे कोणालाच ठाऊक नसते.

हे असे का झाले, याची मोठी जबाबदारी मी सरकारवर टाकतो. मीटरचे सील जपणाऱ्या त्याच व्यवस्थेने दुसऱ्या बाजूने सेवा मोजण्याऐवजी गाड्या मोजल्या. १९९७ मध्ये महाराष्ट्रात रिक्षा-टॅक्सीच्या नव्या परमिटवर बंदी आली आणि ती २०१७ पर्यंत राहिली. या वीस वर्षांत आजूबाजूला काय घडत होते? २००१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ५ लाख २० हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. नवघर, खारीगाव, गोडदेव ही आगरी गावे इमारतींच्या रांगांमध्ये हरवून गेली आणि स्टेशनवर उतरणारी गर्दी दर वर्षी वाढत राहिली. परमिट मात्र गोठलेले. मग जे होते तेच झाले. परमिट भाड्याने जाऊ लागले, परमिटधारक घरी बसला आणि पाळीवर चालवणाऱ्याच्या दिवसाच्या कमाईतला पहिला वाटा त्याच्याकडे गेला. न्यूयॉर्कमध्येही १९३७ पासून टॅक्सी परवान्यांची संख्या बांधलेली होती. २०१४ च्या आसपास तिथे एका परवान्याची किंमत दहा लाख डॉलरच्या वर पोहोचली आणि ॲप आल्यावर कोसळली. कर्ज काढून परवाना घेतलेले चालक त्याखाली गाडले गेले, काहींनी जीव दिला. संख्या बांधली की परवाना ही मालमत्ता होते, आणि मालमत्ता सांभाळणाऱ्याला गिऱ्हाईक सांभाळायची निकड उरत नाही. आपल्याकडे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने रिक्षावाल्याने भाडे नाकारल्यास दंडाची कमाल मर्यादाच ५० रुपये ठेवली होती. तेव्हा लोक ॲपकडे गेले ते कोणी भुलवले म्हणून नव्हे. पावसात, रात्री, आजारी माणसाला घेऊन उभे राहिल्यावर 'येणार का?' असे दहा जणांना विचारावे लागणे त्यांना नको होते. चालकाचे नाव आणि गाडीचा क्रमांक हाताशी असणे, घरच्यांना आपला रस्ता दाखवता येणे, हे विशेषतः बायकांसाठी मोठे पाऊल होते आणि ते मागे घ्या असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे वीस वर्षांचे आयुष्य संपले तेव्हा शहर हळवे झाले. मलाही ती गाडी प्रिय आहे. पण धोरण आठवणींवर बांधता येत नाही.

ॲप आले ते कायद्याच्या फटीतून. ओला २०१० मध्ये सुरू झाली, उबर २०१३ मध्ये भारतात उतरली, आणि त्यांच्या गाड्या पर्यटक परवान्यावर धावू लागल्या, ज्यांना मीटरची अट नव्हती. आम्ही वाहतूक कंपनी नाही, आम्ही तंत्रज्ञान पुरवतो, ही भूमिका जगभर घेतली गेली. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ती फेटाळली आणि उबर ही वाहतूक सेवाच आहे असे सांगितले. आपल्याकडे 'ॲग्रीगेटर' हा शब्द कायद्यात यायला २०१९ ची दुरुस्ती लागली, केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे नोव्हेंबर २०२० मध्ये आली, आणि मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करा असे सांगावे लागले. त्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात चालकांना सुरुवातीचे भरघोस प्रोत्साहन मिळून ते आटलेही होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ॲप-कॅबचा संप झाला तो त्या आटण्याचाच होता. राज्याचे धोरण आले मे २०२५ मध्ये, पहिल्या राईडनंतर दशकभराहून अधिक काळाने.

या धोरणात चांगले पुष्कळ आहे. मूळ दराच्या दीडपटीहून जास्त भाडे नको, पंचवीस टक्क्यांहून जास्त सूट नको, चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळावेत, विनाकारण कॅन्सल केल्यास दंड. केंद्राने १ जुलै २०२५ ला नवी तत्त्वे काढून दुपटीपर्यंत मुभा दिली, राज्याने दीडपट ठेवली, याबद्दल राज्याला श्रेय द्यायला हवे. पण आता पेन्सिल घेऊन बसू. ॲप-कॅबसाठी राज्याने किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे हा मूळ दर धरला. दहा किलोमीटरचे भाडे झाले २२७ रुपये. सूट धरून तेच १७० होऊ शकते, गर्दी धरून ३४१. म्हणजे १७० ते ३४१ यांच्यामधला कोणताही आकडा कायदेशीर. शेजारी उभ्या दोन माणसांना, एकाच मिनिटाला, एकाच ठिकाणी जायला, एकाला १८० आणि दुसऱ्याला ३३० दाखवले तरी वरच्या-खालच्या मर्यादेचा भंग होत नाही. मर्यादा घातली, पण तिच्या आतले माप कोण पाहतो? सीलची जागा रिकामीच राहिली.

हा नुसता तर्क नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटिसा दिल्या. आयफोन आणि अँड्रॉइड फोनवर एकाच प्रवासाचे वेगळे भाडे दाखवले जाते, असा आरोप होता. कंपन्यांनी तो नाकारला. कंपन्या खोटे बोलल्या असे मी म्हणत नाही. मला खटकते ते हे की खरे काय, हे बाहेरच्या कोणालाही तपासून सांगता येत नाही. फास्ट मीटरची तक्रार आली असती तर मोजलेल्या रस्त्यावर एक फेरी मारून संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता. इथे देशाच्या ग्राहक प्राधिकरणालाही कंपनीलाच विचारावे लागते की तुमचे माप बरोबर आहे का. वाण्याच्या तराजूबद्दल वाण्यालाच विचारायची पद्धत आपण मापांच्या बाबतीत केव्हाच सोडली आहे.

आणि आता तर कंपन्या त्या मापापासूनही दूर सरकत आहेत. बंगळुरूच्या नम्मा यात्रीने चालकाकडून कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घ्यायला सुरुवात केली, रॅपिडोने ती पद्धत उचलली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरनेही रिक्षांसाठी तीच स्वीकारली. चालकाच्या खिशाला ही पद्धत चांगली आहे आणि तिचे स्वागत व्हायला हवे. पण तिचा दुसरा परिणाम असा की पडद्यावरचा आकडा आता 'सुचवलेले भाडे' झाला. प्रवासी आणि चालक आपसांत काय ते ठरवतील, कंपनी फक्त गाठ घालून देणार. गोडदेवच्या प्रवाशाला यात काय मिळाले? स्टँडवरचा तोंडी भाव फोनमध्ये शिरला, एवढेच. तक्रार करायची तर कुठे? परमिट आजवर ठाण्याच्या परिवहन कार्यालयाचे, भाडे ठरवणार मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण, स्टँडची जागा महापालिकेची, वाहतूक पोलीस २०२० मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाचे, ॲपचा परवाना राज्याच्या हाती, आणि आकडा काढणारा सर्व्हर या सगळ्यांच्या हद्दीबाहेर.

यावर एक आक्षेप अर्थशास्त्राचा आहे आणि तो हलका नाही. मागणी वाढली की भाव वाढला पाहिजे, नाहीतर पावसाळ्यातल्या संध्याकाळी चालक घरी जातील आणि स्वस्त भाड्याची गाडी मिळणारच नाही. मला हे मान्य आहे. जुन्या व्यवस्थेलाही ते मान्य होते. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळात रिक्षा-टॅक्सीला २५ टक्के जादा भाडे आहे, ते दुसरे काय आहे? रात्री चालक कमी असतात, त्यांना बाहेर काढायचे तर जास्त द्यावे लागते. फरक एवढाच की ती वाढ वेळापत्रकासारखी जाहीर आहे आणि सर्वांना सारखी आहे. भाव वाढू द्यावा, पण कोणत्या भागात, कोणत्या वेळी, कितीपट वाढला हे त्याच क्षणी सर्वांना दिसावे. भाडे वाढते ते गर्दी बघून की माझ्या फोनची बॅटरी, माझी घाई, माझी सवय बघून, हा भेद शहराला करता आला पाहिजे. पहिले चालेल, दुसरे चालणार नाही.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. आमचे गणित हे आमचे व्यापारी गुपित आहे, ते उघडे करा म्हणणे म्हणजे धंदाच मोडणे. पण मीटर बनवणारेही खासगीच होते. त्यांच्या सर्किटचा नकाशा कोणी चव्हाट्यावर मांडला नाही, फक्त गाडी चालवून आकडा तपासला. ॲपचीही तशीच तपासणी होऊ शकते. प्रत्येक राईडचे अंतर, वेळ, मूळ दर, लावलेली पट, प्रवाशाने दिलेले आणि चालकाला मिळालेले पैसे ही नोंद, नावगाव वगळून, नियामकाकडे आली पाहिजे. हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्ककडे पाहावे. तिथल्या टॅक्सी आयोगाकडे ॲप कंपन्यांना प्रत्येक फेरीची नोंद द्यावी लागते आणि आयोग ती माहिती लोकांसाठी खुली करतो. कंपन्या तिथून निघून गेल्या नाहीत. त्या माहितीच्या जोरावरच त्या शहराने २०१९ पासून ॲप चालकांसाठी किमान मोबदला लागू केला. लंडनने परवान्याचा लगाम वापरला. २०१७ आणि २०१९ मध्ये तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने उबरच्या परवान्याच्या नूतनीकरणास नकार दिला, कंपनी न्यायालयात गेली, तिथे तिने कारभार सुधारल्याचे दाखवले आणि ठरावीक मुदतीचे परवाने मिळवले. आपल्याकडे चालकाला ८० टक्के द्या असा नियम आहे, पण कशाचे ८० टक्के? प्रवाशाने किती दिले हे चालकाला त्याच्या पडद्यावर स्वच्छ दिसत नसेल, तर त्याला आपला वाटा मोजताच येणार नाही. मीटर दोघांच्या मध्ये बसवलेला असायचा आणि एकच आकडा दोघांना दाखवायचा. त्या साध्या रचनेत केवढा न्याय होता!

सर्वांत अवघड आक्षेप आपल्या अनुभवातून येतो. ज्या सरकारला भाईंदरमध्ये रिक्षाचा मीटर टाकायला लावता आला नाही, ते सर्व्हर काय तपासणार? या प्रश्नापुढे मी थांबतो, कारण तो बरोबर आहे. पण दोन्ही कामांचे स्वरूप वेगळे आहे. हजारो रिक्षांवर हजारो ठिकाणी नजर ठेवायला माणसे लागतात, ती कधीच पुरी पडली नाहीत. ॲपची प्रत्येक फेरी मात्र आपली नोंद मागे ठेवूनच संपते. ती मागायची की नाही एवढेच ठरवायचे आहे. गोव्याचा अनुभवही विचारात घ्यावा. तिथे २०१८ मध्ये पर्यटन विकास महामंडळाच्या पुढाकाराने गोवामाइल्स हे ॲप आले आणि स्थानिक टॅक्सीचालकांनी त्याला कडवा विरोध केला. डिजिटल मीटर बसवण्यासाठी तिथेही न्यायालयाला लक्ष घालावे लागले. यातून मला दिसते ते असे की माप उघडे करायला विरोध फक्त मोठ्या कंपन्या करतात असे नाही. ज्याच्या हाती आकडा आहे तो कोणीही असो, त्याला तो सोडवत नाही. म्हणून नियम दोघांना एकच हवा.

आणि म्हणूनच शेअर रिक्षाबद्दल वेगळे बोलले पाहिजे. मीटरसक्तीच्या उत्साहात ती मोडली तर नुकसान गोडदेवच्या कामगाराचे, मोलकरणीचे, विद्यार्थ्याचे होईल, ज्यांना आख्खी रिक्षा परवडत नाही आणि बसची वाट पाहायला वेळ नाही. शेअर रिक्षा ही गरजेतून उगवलेली, स्मार्टफोन न मागणारी, पटकन सुटणारी सार्वजनिक वाहतूक आहे. तिला हवा आहे तो ठरलेला आणि लिहिलेला दर. मागे तिघे, चालकाशेजारी कोणी नाही, या टप्प्याचे इतके, त्या टप्प्याचे इतके. दर सूत्राने ठरावा आणि स्टँडवर मोठ्या अक्षरांत मराठीत लावावा. तोंडी भाव आणि सर्व्हरचा भाव हे मला एकाच दुखण्याचे दोन प्रकार वाटतात, आणि इलाजही एकच आहे.

२०२५ मध्ये मीरा-भाईंदरसाठी स्वतंत्र परिवहन कार्यालय मंजूर झाले आणि शहराला एमएच ५८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला. नव्या पाट्यांचे कौतुक होईल, ते व्हावे. पण या कार्यालयाकडे माझी मागणी दोन कामांची आहे. गोडदेव नाक्यावर आणि भाईंदर स्टेशनबाहेर शेअर भाड्याचा अधिकृत फलक लावावा. आणि दर महिन्याला आपल्या माणसांकडून वेगवेगळ्या ॲपवर, वेगवेगळ्या फोनवरून, याच नाक्यापासून एकाच ठिकाणी चाचणीच्या राईड करून घ्याव्यात आणि त्यांच्या पावत्या कार्यालयाच्या दारात लावाव्यात. मीटर तपासायला मोजलेला रस्ता लागत असे. तो रस्ता अजून तिथेच आहे.